‘आधी’चा फोटो

“ताई, पयलेचा फोटो टाकाचाच लागते काय?”

प्रणालीनं मला हे दोनदा विचारलं होतं. एकदा मेसेजमध्ये, एकदा फोनवर. मी दोन्ही वेळा हो म्हटलं. दुसऱ्या वेळी तर जरा वैतागूनच म्हटलं, कारण सकाळचे साडेनऊ वाजले होते, पोस्ट तयार होती आणि दहाला ती टाकायची असं आमचं ठरलं होतं.

“अगं, ‘आधी’ दाखवल्याशिवाय ‘नंतर’ची किंमत कशी कळणार?” मी म्हटलं. “लोकांना फरक दिसायला हवा.”

“हो, ते त हायेच. बरं. टाका मंग.”

मग मेसेजखाली तिचा अंगठा आला. डिझायनरचा अंगठा आल्याशिवाय मी कुणाचीही पोस्ट टाकत नाही, हा माझा जुना नियम. या नियमाचा मला त्या दिवशी फार अभिमान होता.

माझं काम काय ते आधी सांगते, कारण माझ्या सासूबाईंनाही ते अजून नीट कळलेलं नाही. त्या शेजारणींना सांगतात, “सून मोबाइलवर लिहत राह्यते.” तसं त्यात चूक काहीच नाही. फ्रीलान्स डिझायनर म्हणजे नोकरी न करता स्वतःच्या जोरावर लोगो, बोर्ड, पिशव्या, पत्रिका अशी कामं करणारी माणसं. चित्र काढायला सांगा, जीव ओततील. स्वतःबद्दल चार ओळी लिहायला सांगा, घाम फुटेल. ‘सर्व प्रकारची डिझाइन कामे केली जातील, संपर्क साधा’ याच्यापुढे गाडी जात नाही. त्यांच्या वतीनं सोशल मीडियावर मी लिहिते, म्हणजे काम देणारी माणसं त्यांच्याकडे यावीत. पुण्यात एका जाहिरात एजन्सीत बारा वर्षं काढली, घरच्या कारणानं कारंजाला परत आले आणि हा उद्योग सुरू केला.

या कामातले दोन शब्द पुढे लागतील. पहिल्या ओळीला आम्ही हूक म्हणतो. वाचणाऱ्याचं बोट सारखं वर सरकत असतं, ते त्या ओळीनं थांबलं पाहिजे. दुसरा शब्द बिफोर-आफ्टर. डाव्या हाताला जुनं काम, उजव्या हाताला आपलं नवं काम. ही पोस्ट सहसा वाया जात नाही. मात्र त्यात एक गोम आहे. नवं काम चांगलं असून भागत नाही, जुनं वाईट दिसावं लागतं. ते वाईट दिसेल याची काळजी घेणं हे माझं काम.

प्रणाली कामरगावची. अमरावतीला डिप्लोमा करून ती कारंजात एका फ्लेक्सच्या दुकानात लागली होती. माझी तिची ओळख तिथलीच. भाच्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स करून घ्यायला मी गेले होते. तिनं बाळाचा एकच फोटो ठेवला होता, खाली नाव, आणि भोवती भरपूर मोकळी जागा. मालक तिच्यावर ओरडत होता.

“एवढी जागा खाली काहून सोडली? आत्या, मामा, काका, सगळ्याईचे फोटो बसतात त्याच्यात!”

मी म्हटलं, मला हाच फ्लेक्स हवाय. मालकानं माझ्याकडे दयेनं पाहिलं. मी प्रणालीकडे पाहिलं. मोकळी जागा सोडायला धीर लागतो. एजन्सीत मोठमोठ्या पगारवाल्यांना तो नव्हता.

काही महिन्यांनी तिनं दुकान सोडलं. सल्ला माझाच. घरी वडिलांशी ठरलं की दिवाळीपर्यंत बघायचं, बाहेरचं काम आलं तर ठीक, नाहीतर पुन्हा फ्लेक्सचं दुकान. वडील काही वाईट नव्हते. “पोरगी घरी बसून कॉम्प्युटरवर काय करून राह्यली, हे मले कोनाले सांगता येत नाई,” एवढीच त्यांची तक्रार. मी तिच्यासाठी लिहायला लागले. तीन महिन्यांत बारा पोस्टी झाल्या. लाइक यायचे ते तिच्या मावसबहिणींचे. दिवाळीला जेमतेम महिना उरला आणि तिच्यापेक्षा मीच जास्त घाबरले.

तेवढ्यात कामरगावच्या स्टँडसमोरच्या कृषी सेवा केंद्राचं काम तिला मिळालं. बियाणं, खतं, औषधांचं दुकान. रब्बीच्या आधी त्यांना नवा बोर्ड हवा होता. तिनं तो फार छान केला. हिरवा रंग, एक कोंब, आणि एसटीच्या खिडकीतूनही वाचता येतील अशी अक्षरं. मी मागितला म्हणून तिनं जुन्या बोर्डाचा फोटोही पाठवला. पत्र्याचा बोर्ड, निळी जमीन, पिवळी अक्षरं, त्यांना लाल सावली. एका टोकाला कापसाचं बोंड, दुसऱ्या टोकाला बैलजोडी. ‘कृषी’ ऐसपैस, ‘केंद्र’ ऐसपैस आणि दोघांच्या मध्ये ‘सेवा’ हा शब्द अंग चोरून बसलेला. खाली उजव्या कोपऱ्यात बारीक सही होती, ‘शेषराव पेंटर’.

तो दबलेला ‘सेवा’ पाहून मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? इतकं सोपं ‘आधी’ रोज मिळत नाही.

मी त्या शब्दाभोवती लाल गोल काढला. शेजारी हसून हसून रडणारा चेहरा टाकला. हूक लिहिला, ‘हा बोर्ड बघून तुम्ही इथून बियाणं घ्याल?’ मग नव्या बोर्डाबद्दल तीन ओळी, आणि शेवटी एक वाक्य जे मला अजून पाठ आहे. ‘अक्षरं रंगवणं म्हणजे डिझाइन नव्हे. रंगवतं कुणीही.’ हे लिहून झाल्यावर मी खुर्चीत मागे टेकले आणि स्वतःवर खूश झाले. कोपऱ्यातली सही कापता आली असती. ती मी ठेवली, खरेपणा येतो म्हणून.

दहाला पोस्ट गेली. साडेअकराला प्रणालीचा पहिला फोन.

“बाप्पा, ताई! पुन्याच्या एका मोठ्या पेजनं आपली पोस्ट घेतली!”

दोनच्या सुमाराला दुसरा. नाशिकच्या एका बियाणं कंपनीनं तिला विचारलं होतं, आमच्या पिशव्यांचं डिझाइन कराल का? ती हसतेय की रडतेय ते कळेना. मागून वडिलांचा आवाज येत होता, “इचार ना त्याईले, कवापासून सुरू कराचं!” मी चहा टाकला. सासूबाईंना म्हटलं, आज मोबाइलवर लिहिल्याचा उपयोग झाला बरं का. त्याही हसल्या.

तिसरा फोन पाच वाजता आला. या वेळी ती सावकाश बोलत होती.

“ताई, ते पोस्ट काढून टाका.”

“का? काय झालं?”

“तो बोर्ड शेषरावमामानं काढेल होता.”

“असू दे की. जुना बोर्ड कुणीतरी काढलेलाच असणार.”

“म्या अक्षरं त्याईच्यापासूनच शिकली ताई.”

मग तिनं जे सांगितलं ते असं. गावच्या ग्रुपवर कुणीतरी आमचा फोटो टाकला होता, लाल गोलासकट, वर ‘आपले शेषरावभाऊ फेमस’ असं लिहून. शेषराव पेंटर त्या वेळी बुद्धविहाराच्या कमानीवर शिडी लावून नाव रंगवत होते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधी दरवर्षी ते कमान नव्यानं रंगवायचे, हे काम गावात दुसऱ्या कुणाचं नव्हतंच. खाली पोट्टे जमले. एकानं मोबाइल वर धरला. “मामा, पाहा ना, तुमी त पुन्याले पोचले!” शेषराव खाली उतरले. चष्मा लावून त्यांनी पोस्ट पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली. ‘पंचशील’ रंगवून झालं होतं, ‘बुद्धविहार’ नुसतं खडूनं आखलेलं होतं. त्यांनी ब्रश रॉकेलमध्ये धुतले, पुसले, पिशवीत घातले आणि घरी निघून गेले.

माझा आवाज चढला. भीतीनं चढतो तसा. “मग तू मला आधी सांगायचं नाहीस का?”

“सांगतलं होतं,” ती हळूच म्हणाली. “पयल्याच दिवशी. ऑडिओत.”

पोस्ट मी त्याच मिनिटाला काढली. पण काढली म्हणजे आमच्या पानावरून गेली. स्क्रीनशॉट राहतात. पुण्याच्या पेजला मी लिहिलं, तर त्यांचं उत्तर आलं, ‘मस्त चाललीय मॅडम, राहू द्या ना.’ हे उत्तर मीसुद्धा दिलं असतं, आदल्या दिवसापर्यंत.

मग मी तो ऑडिओ शोधला. नव्या डिझायनरला मी पहिल्या दिवशी एक फॉर्म भरायला देते आणि सांगते, स्वतःबद्दल पाच मिनिटं बोलून पाठव. प्रणालीनं पाठवलं होतं. त्यात ती हसत हसत सांगत होती की सहावीत असताना शाळेच्या भिंतीवर मामा सुविचार लिहायचे आणि ती रंगाचा डबा धरून उभी राहायची. एक दिवस त्यांनी ब्रश तिच्या हातात दिला. “मामा म्हनत, दोन अक्षराईच्या मंधात जे जागा राह्यते ना, तेबी काढा लागते. ते आपोआप येत नाई.”

हे मी ऐकलं होतं. ऐकून वहीत टिपणही केलं होतं. वही काढून पाहिली. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, ‘मामा, डबा वगैरे: घरगुती. वापरू नये. अमरावतीचा डिप्लोमा पुढे करावा.’ फ्लेक्सच्या दुकानात ज्या मोकळ्या जागेवर मी भाळले होते, ती तिला डिप्लोमानं नव्हे, या माणसानं शिकवली होती. बारा पोस्टी मी विषय शोधत होते आणि विषय पहिल्या दिवसापासून माझ्या फोनमध्ये पडून होता. मला त्या वहीची लाज वाटली. अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं मी कामरगावला गेले. प्रणाली स्टँडवर उभी होती. समोर दुकानावर तिचा नवा बोर्ड झळकत होता. आम्ही दोघींनी तिकडे पाहिलं नाही.

शेषराव अंगणात होते. ताडपत्रीवर सोयाबीन वाळत घातलं होतं आणि ते पायानं खालीवर करत होते. साठीच्या पुढचे, काटक. नखांच्या कडेला निळा रंग होता. त्यांनी खाट पुढे ओढली.

“बसा. चाय घेता ना?”

मी माफी मागितली. येताना एसटीत पाठ केली होती, एजन्सीत क्लायंटची मागायचो तशी. चूक आमची, हेतू तसा नव्हता, पोस्ट तातडीनं काढली आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“तुमीच लिहता काय थे?”

“हो.”

“चांगलं लिहता,” ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच फार लागलं.

चहा आला. दोन घोट झाल्यावर त्यांनी आपणहून विषय काढला.

“त्या ‘सेवा’चं सांगू काय तुमाले? बोर्ड पूरा झाला होता. ‘कृषी केंद्र’. दुकानदार पाहाले आला अन् म्हने, ‘सेवा’ राह्यलं. म्या म्हनलं, आता जागा कोठी हाये? नवीन पत्रा आना, पयल्यापासून काढून देतो. त नाई म्हने, उद्या उद्घाटन हाये, याच्यातच बसवा. बसवलं मंग.”

मी कप खाली ठेवला. क्लायंट ऐन वेळी येतो आणि म्हणतो, एवढं एक बसवून द्या ना, यावर मी डिझायनरांसाठी निदान चार पोस्टी लिहिल्या असतील. चारही चालल्या. प्रत्येकीत डिझायनर बिचारा आणि क्लायंट आडमुठा. तीच गोष्ट पत्र्यावर दिसली तेव्हा मी तिच्याभोवती गोल काढून हसले होते.

“पन गोल तुमी बराबर जागी काढला बाई,” शेषराव म्हणाले. “माह्या डोयाले बी तेच खुपे. स्टँडवर उतरलो का पयले नजर तिकडंच जाये. लोकाईले नाई दिसे. मले दिसे.”

इतकी वर्षं ते फक्त त्यांना दिसत होतं. बाकीच्यांना मी दाखवलं. हे मला कळलं आणि काहीतरी भरपाई करावी म्हणून तोंडातून माझा धंदाच बाहेर पडला.

“मामा, मी तुमच्यावर एक चांगली पोस्ट लिहिते. तुमची सगळी जुनी कामं, शाळेच्या भिंती, कमान, सगळ्यांचे फोटो काढू आणि...”

“नोका लिहू बाई,” त्यांनी हात वर केला. “एक झाली ना.”

प्रणाली उंबरठ्यापाशी बसली होती. शेषराव तिच्याकडे वळले.

“तुले त माईत होतं ना व.”

तिनं मान खाली घातली. “मले काम पाह्यजे होतं मामा.”

“हो. काम त पाह्यजेच.”

ते उठले आणि पुन्हा सोयाबीनमध्ये पाय फिरवू लागले. प्रणालीनं विचारलं, “मामा, कमानीचं कसं? चार रोज राह्यले.”

“तूच कर. आखून ठेवेल हाये, रंगवाचीच राह्यली.” त्यांनी वर पाहिलं नाही. “रंगवाले काय, कोनीबी रंगवते.”

माझं वाक्य त्यांनाही पाठ झालं होतं. निघताना त्यांच्या बायकोनं माझ्या पिशवीत पसाभर भुईमुगाच्या शेंगा घातल्या. मी नको म्हणत राहिले आणि त्या घालत राहिल्या.

कमान प्रणालीनं रंगवली. दोन दिवस शिडीवर होती, खाली वडील शिडी धरून. खडूच्या रेघेच्या बाहेर एक थेंब जाऊ दिला नाही म्हणे. काम संपत आलं तेव्हा शेषराव येऊन उभे राहिले. बराच वेळ पाहिलं. “खालची रेघ वाळाची हाये, हात नोको लावू,” एवढं बोलले आणि गेले. त्यानंतर त्यांनी ब्रश धरलेला नाही. कुणी विचारलं तर डोळ्यांचं कारण सांगतात. पुढच्या वर्षी कमान प्रणालीनंच रंगवली, आणि आखलीही तिनंच.

हिशेबी नजरेनं पाहिलं तर माझी ती पोस्ट आजवरची सगळ्यात यशस्वी. नाशिकचं काम तिनं घेतलं. घ्यायलाच हवं होतं. त्यातून आणखी कामं निघाली. फ्लेक्सच्या दुकानात तिला परत जावं लागलं नाही. वडील आता लोकांना सांगतात, “पोरगी बियान्याच्या थैल्या काढते,” आणि लोकांना ते समजतं. दिवाळी गोड झाली. फक्त मी त्या दिवाळीत तिला फोन केला तेव्हा ती म्हणाली, “ताई, राग नोका येऊ देऊ, पन आता माह्यं मी लिहीन.” राग कसा येणार? मी म्हटलं, लिही.

तिची स्वतःची पहिली पोस्ट कमानीच्या फोटोची होती. खाली दोनच ओळी. ‘आखणी: शेषराव पेंटर. रंग: प्रणाली.’ हूक नाही, संपर्क नाही. सवयीनं मी त्यात तीन चुका काढल्या. मग ती पोस्ट पुन्हा पुन्हा पाहत बसले. अशी पोस्ट मला बारा वर्षांच्या अनुभवातून एकदाही सुचली नव्हती.

माझ्या फॉर्ममध्ये आता एक प्रश्न वाढला आहे. ‘आधीचं काम कुणी केलं होतं? त्यांच्याशी बोललात का?’ बहुतेक जण ही जागा कोरी सोडतात. मी फॉर्म परत पाठवते. त्यामुळे दोघं-तिघं दुसऱ्या लेखकाकडे गेलेसुद्धा. मागच्या आठवड्यात नागपूरच्या एका डिझायनरनं एका रसवंतीच्या जुन्या बोर्डाचा फोटो पाठवला. कोपऱ्यात सही होती, अर्धी पुसट. मी फोन करून विचारलं, हे कुणाचं काम आहे?

“असन कोनी लोकल पेंटर. तिथं कोन पाहते मॅडम?”

“ज्यानं काढलं, तो पाहतो,” मी म्हटलं आणि फॉर्म परत पाठवला.